डावा कागद, उजवा कागद

९ जानेवारी

ती. मावशीस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं आधी आईच्या कानावर पडतं, म्हणून पत्र. उत्तर तलावाच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठव.

तू शिवलेला पोहण्याचा पोशाख मी घालायचा सोडला आहे. गेल्या महिन्यात बायकांच्या नव्या तुकडीला पाय मारायला शिकवत होते. तू डाव्या बाजूला आतून लावलेली गादी सुटली आणि पाण्यावर तरंगायला लागली. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी ती उचलली, नीट पिळली, माझ्या हातात ठेवली आणि हे तुमचंच का, असं विचारलं. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी पाण्यात उतरलेली नाही. कचेरीत बसून सभासदांची कार्डं भरते आणि काचेतून दुसरी शिक्षिका माझी तुकडी कशी बिघडवते ते बघते.

मी डॉक्टरीणबाईंना भेटले. दोन्ही स्तनांत एवढा फरक असेल तर करता येतं, म्हणाल्या. लहान बाजूत सिलिकॉनची पिशवी बसवता येते, पण ती जन्मभर तपासत राहायची, कधी बदलायचीही. ते मला नको. दुसरं म्हणजे मोठी बाजू लहान करून वर उचलायची. तिसरं म्हणजे माझ्याच मांडीची चरबी काढून लहान बाजूत भरायची. मला ही दोन्ही मिळून करायची आहेत, म्हणजे मी परत पाण्यात उतरेन. आई नाही म्हणते. दुखत नाही, खुपत नाही, मग धडधाकट अंगाला सुरी कशाला, असं तिचं म्हणणं. तिच्याशिवाय करेन, पण मला ती जवळ हवी आहे. तू तिला सांग.

घाईत आहे. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी
भिंगरी

•

१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी तीन इयत्ता शिकलेली बाई, अक्षराला हसायचं नाही. तू चौथीत काय दिवे लावलेस ते मला माहीत आहे.

गादी सुटली ती माझ्या कच्च्या टाक्यामुळे. दोष माझा. पण त्यापायी महिनाभर कार्डं भरत बसायचं म्हणजे कहर झाला. तू चालायच्या आधी पोहायला लागली होतीस.

आता मला एक कळत नाही. कपडा तोकडा पडला तर आपण जोड देतो. दुसरी बाही कापून दोन्ही तोकड्या करत नाही. मग चांगल्या भरल्या बाजूला कात्री कशासाठी? त्या डॉक्टरीणबाईला माझ्याकडून विचार. काढणार किती, शिलाई कुठे येणार, पुढे लेकरू झालं तर दूध येणार का, आणि भरलेली चरबी जागेवर राहणार की विरघळून जाणार. गोल गोल बोलली तर उठून ये. मला गिऱ्हाईक आणि डॉक्टर दोन्ही सरळ बोलणारे लागतात.

ताईशी नंतर बोलते, आधी उत्तरं आण. हात दुखला आता. जेवत जा वेळेवर.

तुझी
मावशी

•

२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझा कागद मी डॉक्टरीणबाईंपुढे धरला. त्या हसल्या आणि अशी मावशी प्रत्येकीला हवी म्हणाल्या. मग एकेक उत्तर दिलं.

उजवी बाजू नुसती मोठी नाही, जडही आहे आणि खाली आली आहे. तिच्या वजनाने माझ्या उजव्या खांद्यावर पट्ट्याची खाच पडली आहे. फक्त डावीकडे भर घातली तर ती खाच तशीच राहील. म्हणून उजवीकडचं थोडं काढायचं आणि उरलेलं वर घ्यायचं. शिलाई स्तनाग्राच्या कडेने गोल आणि तिथून सरळ खाली. व्रण फिका होतो, पुसला जात नाही. उजवीकडे दूध कमी येईल किंवा येणारही नाही, येईलच अशी हमी त्या देत नाहीत. डावीकडे भरलेल्या चरबीतली काही अंग शोषून घेतं. किती, ते सहा महिन्यांनी कळतं, कदाचित पुन्हा भरावी लागते. आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कधीच होत नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मला सगळं मान्य आहे.

एक विचारू? मी पंधरा वर्षांची असताना त्या निळ्या झग्यात पहिली गादी शिवायला तुला कोणी सांगितलं होतं? मी मागितली नव्हती. झगा घालताना हाताला लागली, तेव्हा मला कळलं की माझ्यात लपवण्यासारखं काही आहे. त्याआधी मला ते माहीतच नव्हतं. रागाने लिहीत नाही. पण विचारायचं राहून गेलं होतं.

तुझी
भिंगरी

•

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

कोणी सांगितलं नव्हतं. मीच शिवली.

आमच्या कामात कापड घडी घालून कापतात. अर्ध्या अंगाचा एक कागद, तो घडीवर ठेवायचा, कात्री एकदा फिरवायची, उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. गावभरच्या बायकांचे माझ्याकडे एकेक कागद आहेत. तुझे दोन आहेत. डावा वेगळा, उजवा वेगळा. तुझं कापड मी कधी घडी घालून कापलं नाही. त्या वर्षी तुझं माप घेतलं आणि वाटलं, पोरीला लोक बघतील. घातली गादी. मी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय साधं बटण लावत नाही, आणि तुला विचारलं नाही. चुकले.

बारा वर्षं मी भर घालत बसले, आणि खाच तुझ्या खांद्याला पडली. ती मला दिसायला हवी होती, मापाची पट्टी माझ्याच हातात होती. जास्तीचं आत घेऊन कपडा अंगावर बसवायचा, हे तर मी रोज करते. तुझी डॉक्टरीण तेच करते आहे. तिला धंदा कळतो.

तारीख घे. ताईचं मी बघते.

मावशी

•

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला राग येणार हे धरूनच लिहिते. येऊ दे.

पोरीचं दुखत नाही असं तू म्हणतेस. तिच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवून बघ, खाच लागेल. आणि तुझी पोरगी पाणी सोडून टेबलाशी बसली आहे ते तुला दिसत नाही का? लहानपणी तिला तलावातून बाहेर काढायला आपल्याला दोघींना आत उतरावं लागायचं.

तू म्हणतेस लोकांना दिसत नाही. दिसत नाही कारण मी बारा वर्षं गाद्या शिवल्या. आता नाही शिवणार. ती सज्ञान आहे, कमावती आहे, तुझ्या परवानगीवाचून तिचं अडलेलं नाही. तरी ती तुझी वाट बघते, एवढं लक्षात घे. दवाखान्यात उशाशी आई हवी, मावशी नव्हे. मला तर भूल दिलेलं माणूस बघून चक्कर येते, हे तुला माहीत आहे.

गुडघ्याला तेल लाव. माझ्यावर रागावून जेवण सोडू नकोस.

तुझी धाकटी

•

२४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

झालं. सहा दिवस झाले. मांड्या निळ्याजांभळ्या आहेत आणि त्याच जास्त दुखतात. बाकी ठीक आहे. पट्टी बदलताना मी पहिल्यांदा खाली बघितलं. सूज होती, टाके होते, तरी दोन्हीकडे एका रेषेत होतं. मी बराच वेळ बघत राहिले, तशी परिचारिकेने चक्कर येते का म्हणून विचारलं.

आई आली. पिशवी भरून आली आणि उशाशी बसली. दुसऱ्या दिवशी माझ्या उजव्या खांद्यावरून अंगठा फिरवत राहिली.

तू पाठवलेला पुढून उघडणारा सदरा पोचला. मऊ आहे, बंद बरोबर जागी आहेत. आणि मावशी, डाव्या बाजूला आतून गादी आहे. मी इतकी हसले की टाके ओढले आणि परिचारिका ओरडली. आईने सदरा घेतला, ब्लेड मागवलं आणि खिडकीशी बसून एकेक टाका उसवला. कापडाला कुठे ओरखडा नाही. मग गादी कचऱ्याच्या डब्यात टाकून मला म्हणाली, तुझी मावशी पहिल्यापासून अशीच.

तुझी
भिंगरी

•

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

हाताला वळण पडलं आहे, डोक्याने काय करायचं. जुने दोन कागद काढले आणि कात्री आपोआप चालली. ताईला सांग, उसवण्याचं काम हवं असेल तर माझ्या दुकानात ये.

डॉक्टरणीने सांगितल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. सहा महिन्यांनी चरबी किती राहिली ते कळलं की मी येते पट्टी घेऊन.

मावशी

•

६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत पोशाख आहे. परवा तुझं माप घेतलं तेव्हा मी आकडे पुन्हा पुन्हा बघत होते म्हणून ताई घाबरली. अर्ध्या बोटाचा फरक आहे. अर्धं बोट माझ्याही दोन बाजूंत आहे, ताईच्याही आहे, दुकानात येणाऱ्या प्रत्येकीच्या आहे. त्याला आमच्यात फरक म्हणत नाहीत. पुन्हा चरबी भरायची नाही हा तुझा निर्णय मला पसंत आहे.

काल कापड घडी घातली. तुझ्या नावाचा एकच कागद वर ठेवला आणि एकदाच कात्री फिरवली. उलगडून टेबलावर पसरलं आणि दुकानातल्या सगळ्यांना काम थांबवून बघायला बोलावलं. त्यांना काही कळलं नाही. मला कळलं.

पुडकं ज्यात बांधलं आहे ते तुझे जुने दोन कागद आहेत. फेकून दे.

मावशी

•

१५ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आज पाण्यात उतरले. सूर मारला आणि दुसऱ्या काठाला लागेपर्यंत डोकं वर काढलं नाही. पोशाख कुठे ओढला नाही, कुठे फुगला नाही. काठावर आई टॉवेल धरून उभी होती, जशी मी सात वर्षांची असताना असायची. बाहेर ये म्हणून तिला चारदा हाक मारावी लागली. तुकडी मला परत मिळाली आहे.

चष्म्याच्या दुकानातल्या बाई आठवतात ना? त्यांनी पोशाख कोणी शिवला म्हणून विचारलं आणि मग हळूच सांगितलं की त्यांच्याही दोन बाजू वेगळ्या आहेत, आणि तेव्हा ती गादी हातात आली म्हणूनच त्या माझ्या तुकडीत टिकल्या. सोमवारी त्या तुझ्याकडे माप द्यायला येतील.

गादी हवी का ते आधी विचार.

तुझ्या लोभात असलेली,
भिंगरी