अंजिराखालची खुर्ची

१४ मार्च, दुपार

प्रिय ओफेलिया आत्या,

नमस्कार आणि घट्ट मिठी. नाताळपासून तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, त्याची लाज वाटते. (कामं होती, असं लिहिणार होते, खरं म्हणजे नुसता आळस.) गुडघे कसे आहेत? साल्तोत अजून उकडतं का? इथे सकाळी नदीवर धुकं उतरतं. बाबा त्यात फिरायला जातात आणि परतताना आधी टोपी दिसते, मग सावकाश माणूस.

मैदानावरही ते असेच यायचे म्हणे. बचाव करणारे त्यांना पेंगताना पाहून विसरून जायचे. बाबा तंद्रीतच दोन पावलं टाकायचे आणि चेंडू जाळ्यात. गावाने ‘झोपाळू’ नाव ठेवलं, ते मोंतेविदेओला गेलं, मेक्सिकोला गेलं आणि त्यांच्याबरोबरच घरी परत आलं.

तू यातलं काहीच पाहिलं नाहीस. त्यांच्या पहिल्या अंतिम सामन्याला सगळे रेडिओभोवती बसलेले, तू कोंबड्या हाकलायला परसात गेलीस आणि तेवढ्यात गोल झाला. नेल्सनकाका ओरडला, “ए ओफेलिया, हलू नकोस! तिथेच थांब!” तेव्हापासून दर सामन्याला तू अंजिराखाली, खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून. हौसेने मोंतेविदेओच्या स्टेडियमपर्यंत गेलीस, तर तिथेही तुला बाहेर सॉसेजवाल्यापाशी उभं केलं. भावाची अख्खी कारकीर्द तू फक्त ऐकलीस, लांबून समुद्र ऐकावा तशी.

रविवारी आपल्या मैदानाला बाबांचं नाव देणार आहेत. जुन्या खेळाडूंचा सामना आहे. डॉक्टरने बाबांना थोडा वेळ खेळायची परवानगी दिली आहे. हा त्यांचा शेवटचा सामना, त्यात एक गोल व्हावा म्हणून गाव देव पाण्यात घालून बसलंय. काका म्हणाला, “मिर्ता, तू शिकलेली. गोड शब्दांत लिही, म्हणावं, साल्तोतच राहा.”

मी म्हटलं, “काका, हा अडाणीपणा आहे.”

“असेल. मग तुझा निळा स्वेटर, गेल्या वेळी आपण चषक जिंकल्यापासून का धुतला नाहीस?”

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते, आत्या. आणि स्वेटर अजून धुतलेला नाही. तेव्हा कळवते: येऊ नकोस. (हे वाक्य बऱ्याचदा खोडलं.)

तुझी भाची,
मिर्ता

ता. क. पत्र काकाने वाचलं. ‘गोड आहे’ म्हणाला.

ता. क. २. पाकीट पुन्हा उघडलंय. बाबा चहा प्यायचा वाळक्या भोपळ्याचा पेला हातात घेऊन अंजिराखाली पेंगत होते. त्यांना सगळं सांगितलं. डोळे न उघडता म्हणाले, “नेल्सन खुळाच आहे. माझे पहिले सगळे गोल तिच्या डोळ्यांदेखत झालेत. लहानपणी याच भिंतीशी गोल राखायला तीच तर उभी असायची. आणि अडवायचीही, चेटकीण!”

मी विचारलं, “आणि रविवारी गोल नाही झाला तर?”

“नाही झाला तर तिला नवीन काय त्यात?” म्हणाले आणि पुन्हा झोपले.

तर आत्या, ये. काकाला मी बघून घेते.

उद्याचं काम: अंजिराखालची खुर्ची मैदानावर नेऊन ठेवणे, भिंतीकडे पाठ करून.