गोणपाटातलं भोक

आई, परवा चित्रकलेच्या वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं, गोणपाटावर रंगवायचं तुम्हाला कसं सुचलं? मी सांगितलं, त्याची वीण रंग धरून ठेवते, कॅनव्हास फार गुळगुळीत असतो. खोटं नाही ते. पण कॅनव्हास परवडत नव्हता आणि आपल्या घरात गोणपाट होतं, हे मी सांगितलं नाही. सांगलीच्या हळदबाजारात तू फाटकी पोती शिवायचीस आणि अगदीच कामातून गेलेली घरी आणायचीस. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष, माझं कॉलेजचं शेवटचं. मी पोतं उसवून भिजवते, चौकटीवर ताणते, चिंचोक्याची खळ लावते. खळ ओली असतानाच चाळणीतून हळद पाडायची, वाळू द्यायची, मग चुन्याचं पाणी शिंपडायचं. थेंब पडेल तिथे पिवळ्याचं लाल होतं. तू स्वयंपाकघराच्या दारात चहाची बशी घेऊन बघत उभी.

"कुंकू करतीस व्हय गं?"

"चित्र आहे, आई."

"कशाचं?"

"कशाचंच नाही."

"मग बरं हाय. चुकलं तरी कुनाला कळायचं न्हाई."

साताऱ्याच्या प्रदर्शनासाठी केलेल्या सगळ्यात मोठ्या चित्राला मी तापवलेल्या उलथन्यानं मधोमध भोक पाडलं. कडा छान करपल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आले तर भोक नाही. तू ते शिवून टाकलं होतंस, दाभणानं आणि सुतळीनं, बाजारातल्या पोत्यासारखं घट्ट. तुला वाटलं, चुलीतली ठिणगी उडाली. "घाबरू नगंस, कळत सुदीक न्हाई," असं म्हणालीस, आणि तुझ्या तोंडावर एवढं समाधान होतं की तिथेच थांबायला हवं होतं मी. थांबले नाही. "हे माझ्या डोक्यातलं आहे, माझं स्वतःचं, तुला पोत्यापलीकडे काही दिसतं का?" असं ओरडले. आणखीही बोलले, ते लिहवत नाही. मग कात्री घेऊन टाके ओढायला लागले तसा ताग फाटायला लागला. तू कात्री काढून घेतलीस. "तसं न्हवं. समदं फाटंल. सर बाजूला." मांडी घालून बसलीस आणि स्वतःचेच टाके एकेक करून उसवलेस, कडेचा धागा तुटू न देता. मी उभी राहून बघत होते. पाणीसुद्धा विचारलं नाही.

साताऱ्याला जाताना चौकटीवरून काढलेल्या चित्रांची गुंडाळी बघून एसटीचा कंडक्टर म्हणाला, "मावशे, मोकळी पोती न्हवं ती? टाक की टपावर." तू म्हणालीस, "पोती न्हाईत रं बाबा, चित्रं हायत माझ्या लेकीची," आणि साताऱ्यापर्यंत ती मांडीवर धरून बसलीस. उतरलीस तेव्हा लुगडं पिवळं झालं होतं. वाचनालयाच्या हॉलमध्ये एक वयस्कर गृहस्थ त्या भोकासमोर बराच वेळ थांबले. हे धाडस कुठून आलं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, आतून. तू माझ्या मागेच होतीस. ते पुढे गेल्यावर हळूच म्हणालीस, "बरं झालं उसवलं. त्यांनी तेच बघितलं."

त्यानंतर तू तीन वर्षं होतीस. तेवढ्यात कधीही सांगता आलं असतं. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून आता सांगते. ते भोक आतून आलेलं नव्हतं. कॉलेजच्या लायब्ररीत एका परदेशी मासिकात तसं चित्र होतं, कापड जाळून भोक पाडलेलं. उलथनं तापत ठेवण्याच्या आदल्या दिवशी मी ते पान दोनदा जाऊन बघितलं होतं. मी रोज डायरी लिहिते, स्वतःला सूट न देता लिहिते असं मला वाटत आलंय. काल त्या वर्षीची वही शोधून काढली. मासिकाचा उल्लेख कुठेही नाही. तू टाके घातलेस त्या दिवशीच्या पानावर एकच ओळ आहे: आईनं चित्र बिघडवलं.