स्कूटरचा दोष

आई, तू गेलीस त्याला वीस वर्षं झाली. आज बोलायचं आहे ते माझ्या पाठच्या धाकटीबद्दल. बारशाआधीच ती गेली, म्हणून तिला दुसरं नाव नाही. मी आठ वर्षांची. धायरीच्या घरात, चुलीची ऊब लागेल अशा कोपऱ्यात तू तिला पालथी निजवलं आहेस. फडकं बदलताना मला दिसतं, तिच्या कण्यावर कातडीच नाही. मी विचारलं तेव्हा तू रागावली नाहीस. "ह्ये कुनापाशी बोलायचं न्हाई. उद्या तुझं लगीन कसं जमंल?" एवढं म्हणून पुन्हा भाकरी थापायला बसलीस. लग्न जमलं. मी बोलले नाही.

पुढे मी वर्तमानपत्रात लिहीत राहिले. आरोग्याच्या पानासाठी याच व्यंगावर एकदा लिहिलं, दुपारी चारच्या आत, मागितले तेवढेच शब्द. मज्जारज्जू जिच्यातून घडतो ती नळी पहिल्या महिन्यातच मिटते, पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचं कळण्याआधी. म्हणून फोलिक ॲसिडची गोळी आधीपासून घ्यायची. अशी मुलं कुठे जास्त जन्मतात, कुठे कमी. काही देशांत फोलिक ॲसिड पिठातच मिसळायला लागले, तिथे प्रमाण उतरलं. धोका कशाने वाढतो: आहार, मधुमेह, फिटवरची काही औषधं, नात्यात आधी असं मूल होणं. शेवटचं वाक्य होतं, घरातला इतिहास डॉक्टरांपासून लपवू नका. लेकीसमोर कात्रण ठेवलं तर म्हणाली, "पेपरातलं लोकांनी वाचायचं. मी घरी ऐकतेच की." घरी मी यातलं काहीच बोलले नव्हते. तिची गोळी सुरू झाली ती दुसऱ्या महिन्यात, दवाखान्यात नाव घातल्यावर.

गेल्या महिन्यात, लेकीच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत, बाळाच्या कण्यावर तेच दिसलं. माहेरी कुणाला असं झालं होतं का, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. शेजारी विहीणबाई होत्या. मी म्हणाले, "नाही हो." नेमकं कशामुळे ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. विहीणबाईंना मात्र ते ठाऊक होतं: रोज स्कूटरवरून हडपसरचं ऑफिस, आणि रस्त्यातले खड्डे. "सुनेला सांगून थकले, रिक्षाने जा म्हणून. आमचं कोण ऐकतंय." लेक खाली बघत राहिली. त्या शुक्रवारी दवाखान्यात गर्भ काढून तिला मोकळी केली.

आता ती माझ्याकडेच आहे. भाजी निवडता निवडता हात थांबतो आणि एकच विचारते, "आई, मी रिक्षाने गेले असते तर?" तसं काही नसतं गं, मी म्हणते. माझ्या म्हणण्यावर ती का विश्वास ठेवील? धाकटीमुळे हे झालं असं मलाही म्हणता येणार नाही. पण तू जन्मात कधी स्कूटरवर बसली नव्हतीस. एवढं एक वाक्य तिला पुरलं असतं. ते तोंडाशी येतं, आणि तू भाकरी थापताना दिसतेस.

काल तिने स्कूटर विकायला काढली. "तुला मोजकं लिहिता येतं, जाहिरात तूच लिही," म्हणाली. दिली लिहून. एकहाती वापर, सुस्थितीत, कसलीही तक्रार नाही. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. विकण्याचं कारण, ही जागा मी रिकामी सोडली.