विवराचं झाकण

१९ ऑगस्ट, पांढुर्णा

उघडं पडतं! कृष्णविवरात विद्युतभार टाकत गेलं की एका मर्यादेपलीकडे त्याचं झाकण, म्हणजे आतलं काहीच बाहेर येऊ न देणारी त्याची सीमा, फुटतं आणि आतला अनंत घनतेचा बिंदू उघड्यावर येतो. पोकळी खरं तर रिकामी नसते; तिच्यातले क्वांटम धक्के हे झाकण वाचवतात का, एवढंच मी इतके दिवस शोधत होते. आज उत्तर आलं — नाही वाचवत.

नागपूरला माझे गाइड गजेंद्र सर, त्यांना लगेच मेल टाकली. आता सगळा थीसिस यावरच उभा राहणार.

२० ऑगस्ट

सौरभला पटत नाही. शिकवतो माझ्याच कॉलेजात, राहतो नदीपलीकडे सावरगावला. काहीतरी सुटलंय म्हणतो. काय सुटलंय, ते त्यालाही सांगता येत नाही! दोन गावांची दगडफेक, गोटमार, तोंडावर आलेली, सावरगाववाला पांढुर्ण्याच्या पोरीचं ऐकणार तरी कसा.

आईने विचारलं, "थो ठिपका उघडा पडला तं कोनाचं काय बिघडते?"

बिघडतं. तिथे कुठलाच नियम चालत नाही, आणि झाकण नसलं की ती बेबंदशाही बाहेरही येणार. तिला सांगता सांगता माझ्याच अंगावर काटा आला.

२२ ऑगस्ट, पोळा

सरांचं उत्तर आलं. खूश आहेत! पुरणपोळी एक जास्तच खाल्ली.

२३ ऑगस्ट, गोटमार

जाम नदीत पळसाचं झाड, त्याला झेंडा, त्या झेंड्यासाठी इकडून आपले दगड, तिकडून सावरगावचे. मी घरीच. संध्याकाळी कळलं, सौरभच्या डोक्याला लागलं, टाके पडले. फोन करून गावाच्या वतीने माफी मागायला लागले, तर तो हसत होता.

"तुमचा गोटा नाई होता. मी झेंड्यापाशी गेलो, तं मागून आमच्याच पोट्ट्यायचा बसला."

२४ ऑगस्ट

आमच्याच पोट्ट्यायचा. डोक्यातून जातच नाही.

विवराचा धक्का मी मोजला. पोकळीचा मोजला. पण आत टाकलेला भार स्वतःही पोकळीत खळबळ करणारच ना — तिचा उलटा धक्का त्याच भाराला? आपल्याच बाजूचा? मोजलाच नाही!

तो पुरेसा मोठा निघाला तर भार आत शिरणारच नाही, आणि थीसिस गेला. मोजायची भीती वाटते. राहवतही नाही.

२५ ऑगस्ट

तो धक्का धरला आणि उत्तराचं चिन्हच उलटलं; भार आत शिरत नाही. झाकण टिकतं.

सरांना कळवून टाकलं. सौरभला टाके निघाल्यावर सांगेन — आत्ता हसला तर उसवतील.