रुग्ण क्रमांक सात

३ ऑगस्ट

चि. भोंग्यास,
ताईचे आशीर्वाद, नेहमीइतकेच. पुढचं वाचून ते कमी झाले असं समजू नकोस.

इकडे सगळं जसं असतं तसं आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

आमच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात एक नवी मुलगी लागली आहे. तू शिकवतोस त्याच कॉलेजातून यंदा पास झालेली, मोठी गोड आणि बडबडी. मंगळवारी गोळ्या आणायला गेले, तर चिठ्ठी वाचून म्हणाली, काकू, ही सूज उतरवायची लघवीची गोळी रोज घ्यायची हं, आमच्या रुग्ण क्रमांक सातसारखं करायचं नाही. मी विचारलं, हा सात नंबर कोण?

मग तिने काउंटरमागे उभं राहून नक्कल केली. सर रोग आणि औषधोपचार शिकवताना करतात, अगदी तशी, असं म्हणाली. शिलाईच्या कारखान्यातली, चौथी शिकलेली, कमजोर हृदयाची बाई. दम लागून दवाखान्यात येते. उशाजवळच्या पिशवीतून न घेतलेल्या पन्नास गोळ्या निघतात. का घेतल्या नाहीत विचारलं, तर डोक्यावर हात मारून म्हणते, अगं बाई, विसरलेच की. त्या तासाला म्हणे मागच्या बाकावरची मुलंसुद्धा हजर असतात. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मीही हसले.

पिशवी माझी होती रे. आणि डोक्यावर मारलेला हातही माझाच.

मी तिला विचारलं, गोळ्या का घेतल्या नाहीत ते सरांनी सांगितलं का? ती म्हणाली, हो तर, परीक्षेलाच असतं. कारण, बेफिकिरी. दोन गुण.

किती वर्षं चाललं आहे हे, तेवढं कळव. माया आहे ती आहेच, राग वेगळा काढून ठेवला आहे.

तुझी ताई

८ ऑगस्ट

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, या खेपेला कपाळ जरा जास्त वेळ टेकवून.

तीन वर्षं. तू दवाखान्यात होतीस त्या वर्षापासून.

आता माझं ऐकून घे. मी कुठे तुझं नाव घेतलं नाही, नातं सांगितलं नाही. ओळख पटू नये म्हणून तुझ्या दहावीची चौथीसुद्धा केली. आणि हा तास मी मौजेसाठी घेत नाही. माझ्यासमोर साठ मुलं बसतात. त्यांना रोगाचं नाव पाठ, औषधाचं नाव पाठ, मात्रा पाठ. पण औषध शरीरात जातं ते चिठ्ठीतून नव्हे, माणसाच्या हातातून. तो हात आखडला की सगळं शास्त्र कपाटात बसून राहतं, हे त्यांना कुणी सांगायचं? पुस्तकं हा विषय एका परिच्छेदात उरकतात. मी तो त्यांच्या डोळ्यांपुढे उभा करतो! तुला आडवं होता येत नव्हतं, ओठ निळे पडले होते आणि उशाशी पन्नास गोळ्या होत्या. त्या दिवशी मला जो संताप आला, तोच मी दर वर्षी वर्गात ओततो. तो खोटा नाही. अज्ञानाला क्षमा आहे, हलगर्जीपणाला नाही, असं मी मुलांना बजावतो आणि तुलाही बजावतो.

नक्कल मात्र करायला नको होती. हशा आला की माझा तोल जातो, हे तू लहानपणापासून पाहते आहेस. यंदापासून नक्कल नाही.

पण ताई, खरं सांग, तू विसरलीच होतीस ना?

लोभ कमी झाला असेल तर तसं लिही, म्हणजे वाढवून मागता येईल.

तुझा भोंगा

१८ ऑगस्ट

चि. भोंग्यास,
आशीर्वाद.

आधी एक. ओळखच लपवायची होती, तर मला पदवीधर करायचं होतंस. वर चढवलं असतं तर मी अजिबात ओळखू आले नसते. तुला खालीच उतरवावंसं का वाटलं?

आता तुझ्या प्रश्नाचं. नाही, विसरले नव्हते. एकही दिवस नाही. पुढचं लिहायची लाज वाटते, पण तीन वर्षं मुलं हसून झाली आहेत, आता लाज कुणाची धरू?

आमच्या रांगेत चाळीस मशीन आहेत आणि बिल्ला एक. संडासला जायचं तर तो गळ्यात घालून जायचं, परत आलं की पुढचीने घ्यायचा. दुपारच्या सुट्टीआधी एकदा, नंतर एकदा. सुपरवायझर फळ्यावर मशीनचा नंबर लिहितो आणि पुढे मिनिटं. ती गोळी सकाळी घेतली की दुपारपर्यंत चार वेळा उठावं लागतं. मी तीन दिवस निभावून नेलं. चौथ्या दिवशी बिल्ला दुसरीच्या गळ्यात होता. शेजारच्या मशीनवालीने स्वतःचा अ‍ॅप्रन काढून माझ्या कमरेला बांधला. खुर्ची मी पुसली. तेव्हापासून गोळी फक्त रविवारी. दवाखान्यातून आल्यावर रोज घेऊ लागले, पण घडी घातलेलं कापड बांधून कामाला जायचे आणि घरी येईपर्यंत पाणी प्यायचे नाही. जमलं नाही की मग चुकवायचेच.

आठ पलंगांच्या त्या वॉर्डात तू ओरडत होतास, नर्स बघत होती. तिथे हे मी धाकट्या भावाला सांगायचं? म्हणून विसरले म्हटलं. विसरभोळी बाई सगळ्यांना चालते.

गेल्या आठवड्यात पुन्हा दुकानात गेले. ती मुलगी सहज म्हणाली, काकू, कामावर किती वाजता जाता, सुटता किती वाजता? एवढंच. माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सुटल्यावर पाच वाजता घेतली तरी चालेल. तशी घेते आहे. सूज उतरली, चप्पल पायात सैल व्हायला लागली आहे.

ती बाई मीच, हे मी तिला सांगितलेलं नाही. तुझ्याबद्दल तिला फार आदर आहे. तो ठेवायचा की कसं, ते तुझं तू बघ.

ताई

६ सप्टेंबर

ती. ताईस,
नमस्कार. पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून इतके दिवस लागले.

गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून रुग्णाच्या कामाप्रमाणे बदलता येते, हे मी दर वर्षी शिकवतो. रुग्ण क्रमांक सातच्या आदल्याच तासाला. आवाज चढवून शिकवतो. साठ जणांना सांगतो की आधी विचारा, मग बोला. आणि सख्ख्या बहिणीच्या पलंगाशी उभा राहून मी गोळ्या मोजल्या. विचारलं ते ओरडून, आणि उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न केला नाही, कारण मला हवं ते उत्तर मिळालं होतं. माझ्यापाशी रागाचं भांडवल होतं, आणि राग आला की मला वाटतं मी खरं बोलतो आहे. मागचं पत्र मी पुन्हा वाचलं. तुला बजावतो, असं लिहिलं होतं मी. ती ओळ वाचवत नाही.

दहावीची चौथी का केली, तेही सांगतो. चौथी म्हटलं की मुलं लवकर हसतात. मला ते ठाऊक होतं.

बुधवारी तोच तास होता. मुलं हसायच्या तयारीनेच आली होती, वरच्या वर्गाने सांगून ठेवलं असणार. एकाने शेजाऱ्याला डोक्यावर हात मारून दाखवला. मी म्हटलं, ही बाई माझी थोरली बहीण आहे, ती काहीही विसरली नव्हती, तिला कारण होतं आणि मी ते विचारलं नाही. कारण काय ते सांगितलं नाही. ते तुझं आहे, मी पुन्हा वर्गात नेणार नाही. परीक्षेतला प्रश्न काढून टाकला आहे. भाषणांत बक्षिसं मिळवलेला माणूस मी, एवढंच बोलून खडू खाली ठेवला.

हसलं कुणी नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. वही उघडून तिने, रुग्णाबद्दल विचारावं तसं, शिस्तीत विचारायला सुरुवात केली. त्या बाई डबा किती वाजता खातात? घरापासून कारखाना किती लांब? चालत जातात की बसने? घरी सोबतीला कोण असतं? नेमकं काय शिवतात? एकेक प्रश्न अगदी बरोबर होता. मीच शिकवलेला होता.

सत्तावीस वर्षं तू त्या कारखान्यात जाते आहेस, ताई. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. साठ मुलं पेन उघडून थांबली होती. मी म्हटलं, माहीत नाही.

दुकानातल्या त्या मुलीला मी स्वतः येऊन सांगणार आहे, तू हो म्हणशील त्या दिवशी. लोभाबद्दल काही लिहीत नाही, तो मागायला तोंड उरलेलं नाही. उत्तर मात्र मागतो. वर्गासाठी नव्हे, माझ्यासाठी. तू काय शिवतेस?

तुझा धाकटा भाऊ