लिबरेटरची शाबासकी

१२ एप्रिल २०२१, लेटरकेनी, आयर्लंड
एअरफोर्समधल्या विनयचा परत फोन! उचलला नाही. मेधा ड्यूटीला निघता निघता म्हणाली, "बाबा, पुण्यात कोविड वॉर्डात पडलेत ते. दोन मिनिटं बोललात तर काय जातं तुमचं?" काय जातं म्हणे! पोरीला काय माहीत. सहा आठवड्यांसाठी म्हणून आलो लेकीकडे, चौदा महिने अडकलोय. इथेही हा माणूस पाठ सोडत नाही.

१४ एप्रिल
नातीचा, स्वरांगीचा, शाळेचा प्रोजेक्ट — जुनी बाँबर विमानं. "आजोबा, डिड यू फ्लाय वन?" उडवणारे आम्ही कुठले! मी फिटर, जमिनीवर विमानांची दुरुस्ती करणारा. सांगितलं तिला — लिबरेटर, चार इंजिनं. महायुद्ध संपल्यावर गोऱ्यांनी कानपूरला मोडूनतोडून टाकली, आपल्या कामाला येऊ नयेत म्हणून. आपल्या लोकांनी त्याच भंगारातून चाळीसएक उभी केली! पासष्टच्या लढाईतही होती आमच्याकडे. आत पेट्रोलचा वास इतका, की बाँबचे दरवाजे किलकिले ठेवून उडायचं.

"अँड यू? इन द वॉर?" तेही सांगितलं. समुद्रावर गस्तीला निघायच्या आधी पेट्रोल गळत होतं. शोधलं मी, दुरुस्त केलं मी — आणि साहेबाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली विनयची. आयत्या बिळावर नागोबा!

१५ एप्रिल
परत फोन. नाही म्हणजे नाही.

१९ एप्रिल
स्वरांगीने वर्गात वाचून दाखवलं. टीचर म्हणाली, "फेअर प्ले टू युवर ग्रँडड!" म्हणजे इकडची शाबासकी. टाळ्या पडल्या म्हणे. मला जेवण गेलं नाही.

२३ एप्रिल
विनय गेला. मेधा डोळे पुसत सांगत होती. मी म्हटलं, बरं.
जन्मभर विमानं वर धाडली, आणि मला घरी न्यायला एक विमान नाही. बरंच झालं. नाहीतर जावं लागलं असतं त्याच्या दारी.

२५ एप्रिल
त्याच्या मुलीचा, विद्याचा फोन. मेधा समोर उभी, घ्यावाच लागला. "काका, बाबा शेवटपर्यंत तुमचंच सांगत होते. म्हणायचे, लिबरेटरला हात लावावा तर नंदूनेच."

२६ एप्रिल
इथे तरी खोटं कशाला लिहू? त्या दिवशी पेट्रोलच्या पाइपची क्लिप मीच सैल ठेवली होती. तपासली म्हणून सहीसुद्धा ठोकली होती. आठ माणसं जळून मेली असती. गळती विनयला सापडली. त्याने क्लिप आवळली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि साहेबाला म्हणाला, "जुना पाइप आहे सर, सुटला." पंचावन्न वर्षं कुणापाशी बोलला नाही. मला शाबासकीचं काही वाटलं नव्हतं. त्याला माहीत होतं, तेवढंच सहन होत नव्हतं.