तिसरा पांढरा दगड

३ मार्च
साहेबांनी बेट माझ्या गळ्यात मारलं! तिथे नवा धक्का बांधायचाय, म्हणून ‘बेटाचा इतिहास व वन्यजीव’ असं टिपण हवंय. “तुमचे वडील तिथला दिवा सांभाळायचे ना? मग हे काम म्हणजे तुमच्या डाव्या हातचा मळ.” पहिली ओळ लिहिली—बेट निर्जन आहे. पुढे गाडी सरकेना.

४ मार्च
बाबांनी इतिहास तीन वाक्यांत उरकला. पूर्वी साथीच्या दिवसांत आजारी खलाशांना तिथे ठेवायचे. मग दिवा आला, आणि आम्ही आलो. मग दिवा आपोआप लागायला लागला आणि आम्ही परत आलो. धक्का उत्तरेच्या किनाऱ्यावर होणार म्हटलं, तर अर्ध्या जेवणावरून उठले. माझं काय चुकलं? आईकडे पाहिलं, तर ती भलतीकडेच बघत होती.

७ मार्च
बेटावर जाऊन आले. वन्यजीव म्हणजे खेकडे, दिव्याच्या खोलीत वटवाघळं, मनोऱ्यावर समुद्रगरुडाचं काटक्यांचं घरटं. उत्तरेला सुरय नावाचे समुद्रपक्षी. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या बाई सोबत होत्या, त्या माझ्यावर खेकसल्या—“पाय जपून! अंडी आहेत.” मला तर सगळे खडेच दिसत होते.

बाईही चक्रावल्यात. सुरय उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि बेटभर तर गुडघाभर गवत. फक्त एका पांढऱ्या दगडाभोवती अंगणाएवढी जागा लख्ख. “इथेच गवत का नाही?” मला काय विचारता, मी कारकून!

आमची होडी चालवणारा तांडेल वेगळंच म्हणाला. पांढरे दगड खरं तर दोनच हवेत. ते एका रेषेत दिसले की होडी खोल पाण्यात आहे असं समजायचं. “हा तिसरा कुणी रंगवला? नवखा माणूस याच्या नादाने खडकावर जाईल.”

रंगवतात बाबाच. नोकरी सुटली तरी दरवर्षी पाऊस सरला की चुन्याची बादली घेऊन एकटे डोंगी वल्हवत जातात. आम्ही चेष्टा करतो, ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

९ मार्च
डोक्याचा पार भुगा झालाय. घरातलं घड्याळ मिनिटभर मागे पडलं तरी बेचैन होणारा माणूस चुकीचा दगड रंगवेल? विचारलं. “चुना उरला होता.” दरवर्षी उरतो? त्यावर म्हणाले, “पक्ष्यांची घरटी आहेत, तिथे धक्का नको म्हणून लिही.” पक्ष्यांचा पुळका! यांना खिडकीत कावळा बसलेला खपत नाही.

म्हातारपणी काहीतरी बिघडलंय का? भीती वाटते.

१२ मार्च
सकाळी बाईंनी सांगितलं, जागा नैसर्गिक नाही. कोणीतरी गवत मुळापासून उपटतं, ढीग सापडलेत. साहेब खूश. “मग प्रश्नच मिटला. तिथूनच खोदायला घेऊ.”

घरी येऊन सांगितलं. आई शेंगा सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुझ्या आधीचा आहे तिथे.”

मला आधी समजलंच नाही. आधीचा कोण?

आठ दिवसांचा होता. वादळ होतं, होडी येऊ शकली नाही. बाबांनीच पुरला. आईने नंतर त्या किनाऱ्यावर पाऊल ठेवलं नाही, आणि बेट सुटल्यावर घरात कुणी विषय काढला नाही. एवढी वर्षं मी या घरात थोरली म्हणून मिरवले.

“गवत वाढलं की जागा सापडत नाही गं,” बाबा म्हणाले. एवढंच. मग रडले. मीही रडले. रडता रडता त्यांचा रागही येत होता.

१३ मार्च
आज आई पहिल्यांदा त्या दगडाकडे जायला बाबांबरोबर डोंगीत बसली. मी ऑफिसात येऊन टिपणाची पहिली ओळ खोडली. नवी लिहिली आणि कागद तसाच साहेबांपुढे ठेवला—या बेटावर माझा थोरला भाऊ आहे.